इंजिन चालू होतं, मग विमान पडलं कसं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीची बारावी झाली, आता तिला सीपीएलसाठी (कमर्शियल पायलटचं लायसन्स) फ्लाइंग स्कूलला घालायचंय, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला. छोटं ट्रेनर विमान, रनवेच्या अलीकडे बऱ्यापैकी खालून वळतंय, इंजिनचा आवाज स्पष्ट येतोय, आणि एकदम एक पंख खाली जातो आणि ते शेतात कोसळतं. खाली लिहिलंय "विमान हवेत स्टॉल झालं". तुमचे मिस्टर म्हणाले स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडलं, तुमचं म्हणणं की आवाज तर येत होता. मग नक्की झालं काय, आणि अशा ठिकाणी पोरीला पाठवायचं का.

मी पंचवीसेक वर्षं छोट्या विमानांवर इन्स्ट्रक्टर म्हणून काढली, त्यातली बरीचशी सेसना १५२ आणि १७२ च्या उजव्या सीटवर. पण आधीच सांगतो, त्या व्हिडिओतल्या विमानाला काय झालं हे मी सांगणार नाही. आठ सेकंदांच्या मोबाईल क्लिपवरून स्पीड कळत नाही, वारा कळत नाही, कंट्रोल कुणाच्या हातात होते ते कळत नाही. ते काम आपल्याकडे एएआयबीचं, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचं आहे, त्यांचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर ग्रुपवरच्या सगळ्या एक्स्पर्टना म्यूट करा. मी सांगू शकतो ते एवढंच की खालच्या उंचीवर स्टॉल ही काय भानगड आहे, आणि आम्ही पोरांना त्यापासून वाचवायला काय करतो.

पहिल्यांदा तो शब्दाचा घोळ मिटवू. गाडी चढावर स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं, त्यामुळे मिस्टरांची काही चूक नाही, पेपरवालेसुद्धा हेच लिहितात. विमानात मात्र स्टॉल होतो तो पंख. इंजिनचा थेट संबंध नाही. ओट्टो लिलिएंथाल नावाचा जर्मन माणूस, राइट बंधूंच्याही आधीचा, स्वतः बनवलेल्या ग्लायडरवर त्याने दोन हजारच्या आसपास उड्या मारल्या होत्या, तो १८९६ मध्ये साधारण १५ मीटरवरून स्टॉल होऊन पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्याच्या ग्लायडरला इंजिनच नव्हतं, बंद काय पडणार? आणि दुसऱ्या टोकाला २००९ मध्ये एअर फ्रान्सचं एअरबस अटलांटिकवर ३८ हजार फुटांवरून स्टॉलमध्ये पडत पडत साडेतीन मिनिटांत समुद्रात गेलं, दोन्ही इंजिनं चालू होती, २२८ माणसं गेली.

लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्यात ना? तळवा आडवा धरला की वारा कापत जातो. पुढची कड जरा वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी वर केली तर आणखी उचलतो. पण एका मर्यादेपलीकडे तळवा वाऱ्याला तोंड करून उभा राहिला की उचलणं थांबतं आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तसंच. समोरून येणारी हवा पंखाला ज्या कोनात भेटते त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात, तो साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला (पंखाच्या आकाराप्रमाणे थोडं कमीजास्त) की पंखाच्या वरच्या बाजूने वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि विमान उचलून धरणारा जोर एकदम घटतो. बस, हाच स्टॉल.

आता यातली मेख अशी की तो कोन पायलटच्या हातात असतो. योक (विमानाचं स्टिअरिंग, ते मागेपुढेही होतं) मागे ओढला की कोन वाढतो, पुढे सोडला की कमी होतो. "स्पीड कमी झाला की स्टॉल होतो" असं जे सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. स्पीड कमी झाला की उंची टिकवायला पायलट ओढत जातो म्हणून कोन वाढतो, पण स्पीड असतानाही पुरेसं जोरात ओढलं तर स्टॉल होतोच. सेसना १५२ सरळ जात असेल, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली करायच्या झडपा) वर असतील, तर ते ४० नॉटच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर, आपल्या स्प्लेंडरचा स्पीड. तेच विमान उंची राखून ३० अंश कलून वळत असेल तर ४३ ला, ४५ अंशाला ४८ ला, आणि ६० अंश कललं तर ५६-५७ नॉटलाच स्टॉल. कारण वळताना पंखांना विमानाच्या वजनापेक्षा जास्त भार उचलावा लागतो, ६० अंशाला तर बरोब्बर दुप्पट, आणि तो उचलायला पायलट योक ओढतो. म्हणजे सरळ जाताना जो स्पीड एकदम निवांत वाटतो तोच वळणात काठावरचा असू शकतो, आणि स्पीडच्या मीटरवरच्या रंगीत पट्ट्या सरळ उड्डाणासाठी काढलेल्या असतात, त्या वळणात हलत नाहीत.

स्टॉल झालं म्हणून विमान पडलंच असं अजिबात नाही हे आधी डोक्यात घ्या, ताई. तुमची मुलगी पहिल्या १०-१२ तासांतच मुद्दाम स्टॉल करेल, पुन्हा पुन्हा करेल. आम्ही वर जातो, जमिनीपासून ३००० फूट तरी, आजूबाजूला कुणी नाही ना बघतो, पॉवर काढतो, नाक वर धरून बसतो, स्टॉल येतोय हे सांगणारा हॉर्न वाजायला लागतो, विमान थरथरतं, नाक पडतं. योक पुढे, पॉवर पूर्ण, पंख सरळ. चटकन केलं तर शे-दोनशे फुटांत विमान परत उडायला लागतं. पोरांना पहिल्यांदा घाम फुटतो, पाचव्यांदा हसायला लागतात.

पण स्टॉल होताना विमान एका बाजूला घसरत असेल तर एक पंख आधी सुटतो, विमान त्या बाजूला पलटी घेऊन गोल फिरत खाली निघतं, तो स्पिन. १५२ च्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की एका फेऱ्याचा स्पिन आणि त्यातून बाहेर येणं यासाठी किमान १००० फूट धरून चाला. आता हिशोब तुम्हीच करा. सर्किटची उंची म्हणजे रनवेभोवती आम्ही जी प्रदक्षिणा मारतो ती १००० फूट. रनवेच्या रेषेत येण्यासाठी जे शेवटचं वळण असतं, बेस टू फायनल, ते होतं ४००-५०० फुटांवर. तुमच्या व्हिडिओतलं विमान ज्या जागी होतं ना, साधारण तीच जागा.

त्या वळणाबद्दल जरा जास्त लिहितो कारण आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त ओरडा आम्ही तिथेच करतो.

एक विद्यार्थी होता, ४० तासांच्या आसपास झालेले, सोलो (एकट्याने उड्डाण) झालेला, हात चांगला. मी चेकसाठी शेजारी बसलो होतो. डावीकडचं सर्किट, वारा रनवेच्या डाव्या अंगाने. म्हणजे बेसवर (त्या शेवटच्या वळणाआधीच्या आडव्या टप्प्यावर) असताना वारा पाठीमागून ढकलतोय, त्यामुळे वळायला जरा उशीर झाला आणि आम्ही रनवेच्या रेषेपलीकडे उजवीकडे निघून चाललो. आता परत रेषेवर यायचं तर वळण घट्ट करायला पाहिजे. पण जमिनीच्या जवळ जास्त कलायला भीती वाटते, आणि आम्हीच शिकवलेलं असतं की खाली असताना ३० अंशांपेक्षा जास्त कलू नका. मग पोरगं काय करतं, कलणं तेवढंच ठेवतं आणि डाव्या पायाने रडर (शेपटीवरची उभी फळी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) दाबून नाक रनवेकडे ढकलतं. त्याला वाटतं आपण सावध वागतोय. इथून पुढे एकातून एक लफडं सुरू होतं. रडरने नाक डावीकडे आणि खाली जातं, बाहेरचा पंख जास्त वेगात फिरतो म्हणून विमान आणखी डावीकडे कलायला लागतं, ते कलू नये म्हणून तो योक उजवीकडे फिरवतो, त्याने डाव्या पंखावरचं एलेरॉन (टोकाकडची हलती फळी) खाली येतं आणि त्याच पंखाचा कोन वाढतो, आणि नाक खाली चाललंय म्हणून तो योक मागे ओढतो. डावा पंख, आतला, आधीच हळू, त्याच्यावरच सगळा कोन चढवलेला. स्टॉल झालाच तर तोच आधी सुटणार आणि विमान डावीकडे पाठीवर पडणार, ४०० फुटांवर.

मला हे मीटर बघून नाही कळलं. माझा उजवा खांदा दाराला टेकला. नीट वळणाऱ्या विमानात माणूस सीटमध्ये सरळ खाली दाबला जातो, गोल फिरवलेल्या बादलीतल्या पाण्यासारखा, बाजूला फेकला जात नाही. खांदा दाराला टेकला म्हणजे विमान घसरतंय. मग खाली बघितलं तर टर्न कोऑर्डिनेटरमधली (वळणात विमान घसरतंय का ते दाखवणारं मीटर) गोळी उजवीकडे कोपऱ्यात जाऊन बसलेली आणि हॉर्न कुईं करायला लागलेला. "माय कंट्रोल्स", योक पुढे, पाय सरळ, पॉवर पूर्ण, पंख सरळ, गो अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. सगळं मिळून तीन-चार सेकंदांचा मामला, फार काही शौर्य नाही त्यात.

खाली उतरल्यावर हँगरमागे चहा घेताना त्याला विचारलं, हॉर्न कधीपासून वाजत होता? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, सर हॉर्न वाजलाच नाही. खोटं बोलत नव्हता तो. कानापासून दोन फुटांवर वाजत होता आणि त्याला ऐकूच आला नाही, कारण त्याचं सगळं लक्ष रनवेच्या त्या पांढऱ्या रेषेवर होतं जी डावीकडे निसटत चालली होती.

म्हणून मला कुणी विचारलं की खालच्या उंचीवर स्टॉल का होतात तर मी फिजिक्स नंतर सांगतो, आधी हात सांगतो. जमीन जवळ दिसली की माणसाचा हात मागे ओढतो. यात मूर्खपणा काही नाही, पडणाऱ्या माणसाने काहीतरी धरून वर ओढावं तसंच आहे ते. ३००० फुटांवर योक पुढे टाकायला काही वाटत नाही कारण खाली नुसता नकाशा असतो. ४०० फुटांवर काचेत शेत दिसतं, विहीर दिसते, विहिरीवरचा पंप दिसतो, आणि तिथे नाक त्या पंपाकडे ढकलायचं म्हणजे सगळं शरीर नाही म्हणतं. आणि उपाय तर तोच आहे, दुसरा नाहीच. रोग आणि औषध दोन्ही त्याच हातात, आणि हात औषध द्यायला तयार नाही.

यात आमच्या शिकवण्याचाही दोष होता हे कबूल करायला पाहिजे. बरीच वर्षं जगभर स्टॉल रिकव्हरीची परीक्षा अशी घ्यायचे की उंची किती कमी घालवली त्यावर मार्क. साहजिकच पोरं काय शिकायची, नाक कमीत कमी खाली घालायचं आणि पॉवरवर ओढून काढायचं. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ एक क्यू४०० उतरायला येत होतं, दोन टर्बोप्रॉपचं प्रवासी विमान, स्पीड कमी झाला, स्टॉल येतोय म्हणून योक थरथरायला लागला (मोठ्या विमानात हॉर्नऐवजी योकच हलवतात, हाताला कळावं म्हणून), आणि कॅप्टनने योक पुढे सोडायच्या ऐवजी मागे ओढला. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. शिकाऊ नव्हता तो, एअरलाइनचा कॅप्टन होता. त्यानंतर २०१२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, लेखी सांगितलं की आधी कोन कमी करा, उंचीचं नंतर बघू. आता सगळीकडे तेच शिकवतात. तरी जुन्या वळणाचे इन्स्ट्रक्टर अजून भेटतात, "फिफ्टी फीट मध्ये काढलं बघ" असं कौतुकाने सांगणारे. मीही सुरुवातीला त्यातलाच होतो.

हात सोडून बाकीच्या गोष्टी कशा जमून येतात याचं उदाहरण म्हणून मी क्लासमध्ये नेहमी शायनची केस घेतो, कारण तिचा रिपोर्ट पूर्ण झालेला आहे आणि त्यात आपल्याला शिकण्यासारखं सगळं आहे. शायन म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याची राजधानी, विमानतळच ६१०० फुटांच्या वर. ११ एप्रिल १९९६ ची सकाळ. सात वर्षांची जेसिका डबरॉफ, तिचे वडील आणि इन्स्ट्रक्टर, असे तिघं सेसना १७७ मध्ये. कॅलिफोर्नियाहून निघून अख्खी अमेरिका पार करायची, एवढ्या लहान वयात असा विक्रम, सगळे टीव्हीवाले मागे लागलेले. त्या सकाळी विमानतळावर पाऊस सुरू झालेला, वादळी ढग जवळ येत होते, वाऱ्याचे झोत, त्यांच्या जरा आधी उडालेल्या डबल इंजिनच्या सेसनाच्या पायलटने स्पीड वरखाली होतोय म्हणून रेडिओवर सांगितलेलंही होतं. तरी निघाले. टेकऑफ झाला, उजवीकडे वळले, काही शे फुटांवर विमान स्टॉल झालं आणि घरांच्या वस्तीत रस्त्यावर पडलं. तिघंही गेले.

तेव्हा सगळीकडे बोंब झाली की सात वर्षांच्या मुलीच्या हातात विमान दिलंच कसं. पण तपास करणाऱ्या एनटीएसबीचा निष्कर्ष असा की त्यावेळी विमान इन्स्ट्रक्टरच उडवत होते. कारण म्हणून त्यांनी काय मांडलं ते बघा: बिघडत्या हवेत टेकऑफ करायचा निर्णय, विमान मर्यादेपेक्षा जास्त जड (९६ पौंड, म्हणजे ४३-४४ किलो), डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) त्या पायलटला सवय होती त्यापेक्षा जास्त, आणि या सगळ्यात स्पीड राखता न आल्याने स्टॉल. शिवाय ठरलेला भरगच्च कार्यक्रम आणि मीडियाला दिलेले शब्द पाळायची धडपड हेही त्यांनी नोंदवलं. इंजिनने दगा दिला असं कुठेच नाही. ४४ किलो म्हणजे फार नाही वाटत ना? एक जरा मोठी बॅग आणि एक किरकोळ माणूस यांच्या मधलं काहीतरी. वजनाने एकट्याने पाडलं नसतं, उंचीने एकटीने पाडलं नसतं, वाऱ्याने कदाचित नुसतं घाबरवलं असतं. सगळे एका सकाळी एका विमानावर बसले.

आता तुम्ही म्हणाल आपण कुठे ६००० फुटांवर आहोत. आहोत ताई, उन्हाळ्यात असतोच. दख्खनच्या पठारावरची साधारण २००० फूट उंचीची एअरस्ट्रिप घ्या आणि मे महिन्याची दुपार, ४० अंश. गरम हवा विरळ असते, त्यामुळे विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं, हीच ती डेन्सिटी अल्टिट्यूड. इंजिनाला दम कमी, पुढच्या पंख्याला, प्रोपेलरला, हवा कमी, चढणं रडतखडत. आणि यात एक फसवाफसवी आहे जी मी स्वतः नवीन असताना मला कुणी नीट सांगितली नव्हती. मीटर ६० नॉट दाखवतो तेव्हा खरा वेग ६५ असतो. स्टॉल मीटरवर त्याच आकड्याला होतो, पण जमीन डोळ्यांना जास्त वेगाने मागे पळताना दिसते, वळणाचा घेरही समुद्रसपाटीपेक्षा १७-१८ टक्के मोठा होतो. मग डोळा सांगतो स्पीड भरपूर आहे, आणि वळण तर रेषेच्या बाहेर चाललंय, ओढ अजून. त्यात पाठीमागून वारा असेल तर आणखीनच. म्हणून खाली असताना डोळ्यावर विश्वास अर्धा आणि मीटरवर पूर्ण. आणि १५२ बद्दल म्हणाल तर मर्यादा ७५७ किलो आहे, दोन बऱ्यापैकी खात्यापित्या घरची माणसं बसवली आणि टाकी फुल केली की विमान त्या रेषेला टेकलंच समजा. माझ्या स्वतःच्या ढेरीमुळे कितीतरी वेळा पेट्रोल कमी भरून जावं लागलंय, पोरं हसायची.

इंजिन खरंच बंद पडलं तर काय हे तुम्ही विचारलेलं नाही पण मिस्टर विचारतील, म्हणून थोडक्यात. टेकऑफनंतर इंजिन गेलं तर छोटं विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. माणसं दगावतात ती बऱ्याचदा इंजिन गेल्यानंतर रनवेवर परत वळायच्या नादात. उंची नाही, पॉवर नाही, घट्ट वळण, आणि हात मागे. समोर जे शेत असेल त्यात नाक खाली ठेवून, पंख सरळ ठेवून उतरलं तर विमानाचं भजं होईल पण माणसं बहुतेक चालत बाहेर येतात. किती उंचीवरून वळलेलं जमतं हे विमानावर, वाऱ्यावर, वजनावर आणि मुख्य म्हणजे पायलटच्या सरावावर आहे, एकच एक आकडा कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मी माझ्या पोरांना १००० फुटांच्या खाली वळायचा विचारच करू देत नाही, काही इन्स्ट्रक्टर कमी सांगतात, चालतं.

राहिला मुलीचा प्रश्न. पाठवायचं का नाही ते मी ठरवणार नाही, तो तुमच्या घरचा मामला. पण पाठवणार असाल तर ॲडमिशनच्या आधी एकदा स्वतः जाऊन या, आणि काउंटरवरच्या मॅडमशी बोलू नका, इन्स्ट्रक्टरशी बोला. विचारा की स्टॉल किती उंचीवर शिकवता आणि सोलोनंतर पुन्हा कधी करून घेता. बऱ्याच ठिकाणी सोलोच्या आधी एकदा करतात आणि मग थेट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, मधले शंभर तास हात विसरून जातो. विचारा की वळणातला स्टॉल, गोळी बाहेर ठेवून होणारा, वर उंचीवर दाखवता का. दाखवत असतील तर माणूस जागा आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सोलो सोडता का हेही विचारा, तासांचा कोटा भरायच्या घाईत तसं करणारे असतात.

आणि एक गोष्ट तिथे बसून नुसती बघा. एखादं पोरगं उतरायला येताना वळण चुकलं म्हणून गो अराउंड करून पुन्हा वर गेलं, आणि मग खाली उतरलं, तर त्याला काय ऐकावं लागतं? पेट्रोल काय तुझा बाप भरतो का, असं ऐकावं लागलं तर दुसऱ्या स्कूलमध्ये जा. कारण मग ते पोरगं पुढच्या वेळी रेषा चुकली तरी गो अराउंड करणार नाही, डावा रडर दाबेल. आमच्या त्या विद्यार्थ्याचंही शेवटी हेच निघालं, चहा संपता संपता बोलला, आदल्या आठवड्यात दोन गो अराउंड केले म्हणून कुणीतरी सगळ्यांसमोर त्याची टिंगल केली होती. त्यानंतर मी माझ्या बॅचला नियम करून टाकला, गो अराउंड केला त्याचा चहा माझ्याकडून. महिन्याचं चहाचं बिल वाढलं, बाकी तक्रार नाही.

तिच्याशी घरी काय बोलायचं विचाराल तर "काळजी घे" सोडून काहीही बोला, त्याने कुणाचा हात सुधारत नाही. झोप नीट झाली का, आज कुणाबरोबर होतीस, एवढं विचारत जा, आणि मन नसेल त्या दिवशी फ्लाइंग कॅन्सल करायची घरून पूर्ण मुभा आहे हे एकदा स्पष्ट सांगा. पैसे भरलेत म्हणून उडायलाच पाहिजे हे ओझं पोरं कुणाला बोलून दाखवत नाहीत.

आणि पहिल्यांदा एअरफील्डवर तिच्याबरोबर गेलात की एक गंमत करा. सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं, स्टॉल वॉर्निंगचं. त्यात वीज नाही, बटण नाही, आत नुसती पेटीसारखी पट्टी. स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी पंखावरची हवा त्या भोकातून ओढली जाते आणि ती वाजते. उडायच्या आधी ते चालतंय का हे बघायला आम्ही भोकावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढतो, की आत केबिनमध्ये जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतो. तिला म्हणा वाजवून दाखव, तुम्ही आत बसून ऐका. रुमाल मात्र विसरू नका, पावसाळ्यानंतर त्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करून बसलेली असते कधीकधी.